हाताने स्टेन्सिल मारताना बारीक पिना पुन्हा पुन्हा शॉर्ट होतात: दोष शोधायचा कुठे

तक्रार नेहमीची आहे. वीस-पंचवीस बोर्डांचा छोटा लॉट असतो. सोल्डर पेस्ट (सोल्डरची बारीक पूड आणि फ्लक्स यांचा लगदा) स्टेन्सिलवरून, म्हणजे पॅडच्या जागी छिद्रं असलेल्या पातळ पत्र्यावरून, हाताने ओढलेली, भाग चिमट्याने ठेवलेले, बोर्ड हॉट प्लेटवर किंवा छोट्या ओव्हनमध्ये तापवलेले. ०८०५ आणि ०६०३ मापाचे रेझिस्टर-कपॅसिटर झकास बसतात. पण ०.५ मि.मी. पिचचा (म्हणजे शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांत तेवढंच अंतर असलेला) आयसी आला की दर दोन-तीन बोर्डांत एकाच्या तरी दोन पिना चिकटलेल्या सापडतात. मग भिंग लावा, फ्लक्स टाका, विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) सोल्डर ओढून घ्या. लॉट कसाबसा निघतो आणि पुढच्या लॉटला पुन्हा तेच.

याला म्हणतात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ब्रिज, म्हणजे दोन पिनांना चिकटवणारा सोल्डरचा पूल, दिसतो बोर्ड तापवल्यावर, पण बहुतेक वेळा तो घडून गेलेला असतो स्टेन्सिल उचलली त्या क्षणीच. त्यामुळे सोल्डरिंग आयर्न बदलून, तापमान वर-खाली करून किंवा महागडा फ्लक्स आणून काही साधत नाही. तपास पेस्टच्या छापापासूनच सुरू करावा लागतो.

बोलण्यासाठी एक ठरावीक उदाहरण घेऊ: एलक्यूएफपी-४८ पॅकेजमधला (चौकोनी, चारही बाजूंना मिळून ४८ पिना) एसटीएम३२एफ१०३सी८ हा मायक्रोकंट्रोलर. छोट्या कामांत हा सगळीकडे भेटतो. अंग ७ × ७ मि.मी., पिच ०.५ मि.मी. पॅड साधारण ०.३० मि.मी. रुंद आणि १.२० मि.मी. लांब, म्हणजे दोन पॅडमध्ये मोकळी जागा उरते फक्त ०.२० मि.मी. सगळा खेळ या ०.२० मध्ये आहे.

आधी दोषाचा नमुना ओळखा

एका बोर्डावरून निदान करू नका. सलग दहा बोर्ड घ्या आणि ज्या क्रमाने पेस्ट ओढली तो क्रम प्रत्येकावर टाका. मार्करने लिहिलेला आकडा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसला जातो, म्हणून पॅनेलच्या कडेच्या पट्टीवर सुईने कोरलेला बरा. प्रत्येक बोर्ड दोनदा भिंगाखाली बघायचा: एकदा पेस्ट मारल्यावर लगेच, भाग ठेवण्याआधी, आणि एकदा तापवून गार झाल्यावर. कुठल्या दोन पिना चिकटल्या ते आकड्यांनी लिहून ठेवा. दहा-पट भिंग पुरते. फोनचा मॅक्रो कॅमेराही चालतो, फक्त उजेड बाजूने तिरपा पाडा म्हणजे पेस्टची उंची कळते.

या नोंदींतून जे दिसेल त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

पहिले तीन-चार बोर्ड स्वच्छ आणि मग हळूहळू ब्रिज वाढत गेले, स्टेन्सिल पुसली की परत स्वच्छ झाले, तर पेस्ट स्टेन्सिलच्या खालच्या बाजूला जाते आहे. हाताच्या कामात सर्वांत जास्त आढळणारा नमुना हाच.

प्रत्येक बोर्डावर त्याच दोन पिना चिकटत असतील तर दोष हाताचा नाही. स्टेन्सिलच्या त्या छिद्रात, बोर्डावरच्या त्या जागी किंवा डिझाइनमध्ये काहीतरी आहे.

आयसीच्या चारपैकी एकाच बाजूला त्रास होत असेल तर स्टेन्सिल आणि बोर्ड जुळलेले नाहीत, किंवा पेस्ट पसरवायची पत्ती ज्या दिशेने ओढता तिच्याशी संबंध आहे. बोर्ड आणि स्टेन्सिल दोन्ही एकत्र ९० अंशात फिरवून दोन छाप घ्या. दोष त्यांच्याबरोबर फिरला तर बोर्डात किंवा स्टेन्सिलमध्ये, जागच्या जागी राहिला तर मांडणीत किंवा ओढण्यात.

छाप स्वच्छ होता आणि भाग ठेवल्यावर बिघडला, तर हात जड पडतोय. भाग ठेवल्यावरही ठीक होता आणि तापवल्यावरच चिकटला, तर पेस्ट ढासळते आहे किंवा मुळातच जास्त आहे.

आज इथे, उद्या तिथे, काही मेळच नाही, असं असेल तर पेस्टवर संशय घ्या.

स्टेन्सिलखाली फट: पहिला संशयित

पत्ती फिरताना स्टेन्सिलचा पत्रा पॅडला घट्ट टेकलेला हवा. मध्ये फट राहिली की पेस्ट छिद्रातून खाली येऊन आडवी पसरते, आणि थोडी पत्र्याच्या तळाला चिकटून पुढच्या बोर्डाची वाट बघते. हिशोब करून पाहा: पत्रा ०.१२ मि.मी. जाडीचा असेल आणि फट ०.०५ मि.मी. असेल, तर त्या जागी पेस्टची उंची ०.१७ होते. म्हणजे सुमारे ४० टक्के पेस्ट जास्त, तीही विस्कटलेल्या कडांची.

फट येते कुठून? सर्वांत आधी बोर्ड धरून ठेवणारी चौकट बघा. बहुतेक जण टाकाऊ बोर्डांचे दोन एल आकाराचे तुकडे टेबलावर चिकटवतात, त्यांच्या कोनात बोर्ड बसवतात आणि वरून स्टेन्सिल टेपने बिजागरीसारखी लावतात. पद्धत उत्तम आहे, पण तुकडे दुसऱ्याच लॉटमधले असतात तिथे घोळ होतो. १.६ मि.मी. म्हणून विकलेल्या बोर्डाची जाडी सर्वसाधारण १० टक्के सवलतीत १.४४ ते १.७६ पर्यंत काहीही असू शकते. बाजूचे तुकडे ०.०५ ने जरी उंच असले तरी पत्रा त्यांच्यावर तोलला जातो आणि बोर्ड खाली अधांतरी राहतो. व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही मोजा. बोर्ड बाजूच्या तुकड्यांच्या बरोबरीने किंवा केसभर वर हवा, खाली कधीच नको. खाली असेल तर बोर्डाच्या तळाशी कॅप्टॉन टेपच्या (उष्णता सोसणाऱ्या पिवळसर टेपच्या) पट्ट्या लावा. नेहमीच्या टेपचा एक थर साधारण ०.०६ मि.मी. उंची देतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे बाजूचे तुकडे त्याच लॉटच्या बाद बोर्डांचे घेणे. पीसीबी मागवतानाच दोन-चार जास्त मागवा.

फट तपासायला उपकरण लागत नाही. स्टेन्सिल लावा, आयसीच्या जागी बोटाच्या नखाने हलकं दाबा. पत्रा खाली जाऊन परत वर आल्याचा बारीकसा ‘टक्’ जाणवला तर फट आहे. पॅडवर नीट टेकलेला पत्रा दबत नाही.

चौकट ठीक असूनही फट राहत असेल तर बोर्डाचा पृष्ठभाग बघा. एचएएसएल फिनिशमध्ये (बोर्ड वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवून गरम हवेने सारखा केलेला) पॅडवर सोल्डरचा थर सगळीकडे सारखा नसतो, काही मायक्रॉनपासून ३०-४० मायक्रॉनपर्यंत फरक पडतो. त्या टेकाडांवर पत्रा उचलला जातो. ०.५ मि.मी. पिचसाठी एनिग म्हणजे निकेल-सोन्याचं सपाट फिनिश मागवणं हेच खरं. बोर्डामागे चार पैसे जास्त जातात, पण विक आणि वेळ वाचतो. पॅडच्या अगदी शेजारी छापलेली पांढरी अक्षरं, क्यूसी पास झाल्याचं स्टिकर, पॅनेल तोडल्यावर कडेला राहिलेला काचतंतूचा कण यांनीही पत्रा वर उचलला जातो. अक्षरं आयसीच्या पॅडपासून लांब ठेवायची ती डिझाइनमध्येच. कण राहिले असतील तर कानसीने कड मारून घ्या, आणि धूळ बाहेर जाऊन झटका, कामाच्या टेबलावर नाही.

पत्ती आणि हात

जुनं एटीएम कार्ड सगळेच वापरतात आणि ०६०३ पर्यंत ते चालतंही. बारीक पिचला मात्र ते दोन कारणांनी नडतं. एक म्हणजे कार्डाची कड गोलसर असते, त्यामुळे पेस्ट पत्र्याखाली दाबली जाते. दुसरं, प्लास्टिक मऊ असल्याने मोठ्या छिद्रांत ते आत शिरून पेस्ट खरवडून काढतं. म्हणजे मोठ्या पॅडवर पेस्ट कमी आणि बारीक पॅडवर जास्त, असा उलटा प्रकार.

स्टीलची सरळ पत्ती घ्या. रंगारी पुट्टी लावायला वापरतात ती नवीकोरी रुंद पत्तीही चालते, मात्र कड सरळ आहे का ते काचेवर उभी धरून, मागून उजेड घेऊन तपासा. उजेडाची फट दिसली तर ती पत्ती भिंतीलाच लावा. रुंदी छिद्रांच्या क्षेत्रापेक्षा दोन्ही बाजूंना १०-१५ मि.मी. जास्त हवी, म्हणजे एकाच ओढीत काम होतं.

पेस्टची वळकटी पत्तीच्या पूर्ण रुंदीत, साधारण १२-१५ मि.मी. जाडीची ठेवा. चिमूटभर पेस्ट घेऊन ती पुरवायला गेलात की ती गोल फिरत नाही, घसरते, आणि छिद्रं अर्धवट भरतात. पत्ती ६० अंशांत धरा. दाब पडला की पत्ती वाकते आणि कोन आपोआप कमी होतो, म्हणून मुळात ४५ पेक्षा खाली जाऊ नका. वेग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. दाब किती, याचं माप डोळ्यांनी घ्यायचं: पत्ती गेल्यावर मागे पत्रा कोरा चकचकीत दिसला पाहिजे. पेस्टचा धूसर थर राहिला तर दाब कमी आहे. पत्रा कोरा दिसत असताना आणखी जोर लावला तर तो फक्त पेस्ट खाली ढकलण्यात खर्ची पडतो.

आणि ओढ एकदाच. ‘एकदा अजून हात फिरवून घेऊ’ ही सवय ब्रिजचं मोठं कारण आहे. छिद्र पहिल्या ओढीत भरलेलं असतं, दुसरी ओढ त्यातली पेस्ट पत्र्याखाली रेटते. पहिल्या ओढीत काही छिद्रं रिकामी राहिली तर पत्रा उचला, बोर्ड पुसा आणि नव्याने मारा. पेस्ट लागलेला बोर्ड आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग कापड आणि आयपीए. वायांमध्ये (बोर्डाचे थर जोडणाऱ्या बारीक भोकांमध्ये) गेलेले गोळे मऊ ब्रशने काढा, नाहीतर ते पुढे सोल्डरचे मणी होऊन कुठेतरी पिनांखाली जाऊन बसतात.

पत्रा उचलणं

छाप चांगला बसूनही उचलताना बिघडतो. टेपची बिजागरी असेल तर पत्रा वर्तुळात फिरत उठतो. बिजागरीची रेषा बोर्डाच्या वरच्या पातळीत असेल तर सुरुवातीची हालचाल जवळजवळ सरळ वर होते. टेप खाली थेट टेबलावर लावली असेल, म्हणजे बोर्डापेक्षा १.६ मि.मी. खाली, तर उठताना पत्रा थोडा पुढे-मागे सरकतो आणि प्रत्येक छापाची एक कड पुसली जाते. सगळ्या छापांना एकाच दिशेला शेपटी दिसत असेल तर हाच प्रकार. उपाय सोपा आहे: बिजागरीची टेप बाजूच्या तुकड्याच्या वरच्या पृष्ठावर लावा आणि आयसीपासून शक्य तितकी लांब, १५ सेंटिमीटर तरी ठेवा. एका हाताने बोर्ड खाली धरा आणि पत्रा सुटेपर्यंत पहिले दोन-तीन मिलिमीटर अगदी सावकाश उचला. तेवढं झालं की घाई करायला हरकत नाही.

पुसायचं कधी, कशाने

०.५ मि.मी. पिचला दर तीन ते पाच बोर्डांनंतर पत्र्याचा तळ पुसायचाच, घाण दिसो वा न दिसो. आधी कोरडं, मग आयपीए लावलेलं, मग परत कोरडं कापड. धागे न सुटणारं कापड वापरा. टिश्यू पेपरचा एक तंतू छिद्रात अडकला की त्याच पिनेवर दर वेळी पेस्ट कमी. पुसल्यावर पत्रा उजेडासमोर धरून आयसीच्या ४८ छिद्रांतून उजेड सारखा येतो का बघा. छिद्र भरलेलं असेल तर आयपीएत भिजवलेला मऊ टूथब्रश तळाकडून मारा. सुईने कोरू नका, छिद्राची कड वाकते आणि मग दोष कायमचा वस्तीला येतो.

आयपीए पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर ती पेस्टमध्ये मिसळते, पेस्ट पातळ होते आणि पुसल्यानंतरचाच पहिला बोर्ड शॉर्ट निघतो. आयपीए ९९ टक्क्यांच्या आसपासचं हवं. घरात उरलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या या कामाला आणू नका. त्यात पाणी असतं, पुष्कळदा ग्लिसरीनही. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनरही नको, चौकटीच्या टेपचा गोंद सुटतो आणि प्लास्टिकचे भाग खराब होतात.

पेस्ट

पेस्टचं वजन जवळजवळ ९० टक्के धातूचं असलं तरी आकारमानात अर्धा फ्लक्सच असतो. त्यामुळे फ्लक्सचं बिघडलं की सगळंच बिघडतं.

डबा फ्रिजमध्ये, ० ते १० अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. काढल्यावर न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. अर्ध्या किलोच्या डब्याला चार तास धरा, ५० ग्रॅमच्या डबीला दीड-दोन तास. हिटरवर किंवा उन्हात ठेवून घाई करू नका. थंड डबा उघडला की हवेतली वाफ थेट पेस्टवर जमते. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हा दोष हमखास येतो, कारण हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि पेस्टला मानवते ४० ते ६० टक्के. ओल धरलेली पेस्ट तापताना तडतडते, सोल्डरचे बारीक मणी उडतात आणि छाप ढासळतो. जून ते सप्टेंबर खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर लावा, साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. एवढं जमत नसेल तर पत्र्यावर एका वेळी तासाभराच्या कामापुरतीच पेस्ट काढा. शिशाची पेस्ट खाण्याच्या पदार्थांच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि कामानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाला जाऊ नका.

वापरण्याआधी प्लास्टिकच्या चमच्याने मिनिटभर एकाच दिशेने ढवळा. चांगली पेस्ट घट्ट श्रीखंडासारखी वागते: चमचा उचलला की लोंबते आणि तुटून खाली पडते. चमच्याला गोळा चिकटूनच राहिला तर पेस्ट वाळलेली आहे. धारेने ओघळली तर पातळ झालेली आहे. वाळलेली पेस्ट आयपीए किंवा फ्लक्स घालून जिवंत करायचे प्रयोग मोठ्या पॅडसाठीही करू नयेत असं आमचं मत, बारीक पिचला तर नाहीच नाही.

ढासळण्याची चाचणी फुकट होते. बाद बोर्डावर छाप घ्या, वीस मिनिटं तसाच ठेवा आणि बघा. मग तोच बोर्ड १५० अंशांवर दोन मिनिटं ठेवून, सोल्डर वितळण्याआधी काढून बघा. कडा पसरून शेजारच्या छापाला भिडत असतील तर दोष पेस्टचा, हाताचा नाही.

दोन गोष्टी खरेदीच्या वेळीच बघाव्या लागतात. पहिली म्हणजे कणांचं माप. टाइप ३ पेस्टमध्ये कण २५ ते ४५ मायक्रॉनचे असतात, टाइप ४ मध्ये २० ते ३८. छिद्राच्या रुंदीत सर्वांत मोठे पाच कण शेजारी-शेजारी मावले पाहिजेत हा जुना ठोकताळा. टाइप ३ ला किमान २२५ मायक्रॉन लागतात, टाइप ४ ला १९०. दुसरी गोष्ट, सिरिंजमधली पेस्ट. ती सुईतून बाहेर पडावी म्हणून तिच्यात धातूचं प्रमाण कमी ठेवतात. तीच स्टेन्सिलवर ओढली की लवकर पसरते. डब्यातली, छपाईसाठीची पेस्ट वेगळी मागा.

१३८ अंशांना वितळणारी बिस्मथची पेस्ट हॉट प्लेटवर सोयीची वाटते, पण शिशाच्या एचएएसएल बोर्डावर ती वापरू नका. कथील, शिसं आणि बिस्मथ एकत्र आले की सुमारे ९६ अंशांना वितळणारं मिश्रण तयार होतं. गरम होणाऱ्या रेग्युलेटरखाली असा जोड टिकत नाही.

छिद्र पॅडएवढंच आहे का?

फाइल जशीच्या तशी पाठवली तर स्टेन्सिलचं छिद्र पॅडएवढंच येतं: ०.३० × १.२० मि.मी. हाताच्या कामाला ही पेस्ट जास्त आहे. कायकॅड या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या फूटप्रिंटच्या (भागाच्या पॅडच्या आराखड्याच्या) पेस्टचं मार्जिन उणे ०.०४ मि.मी. करा. छिद्र ०.२२ × १.१२ चं होईल (म्हणून पेस्ट टाइप ४ हवी) आणि ०.१२ च्या पत्र्यात पेस्ट सुमारे ३० टक्क्यांनी कमी पडेल. पिनेला तेवढी पुरते. हे फक्त बारीक पिचच्या भागांनाच करा, सगळ्या बोर्डाला नाही.

पत्र्याची जाडी मागवताना मात्र विचारून घ्या. छिद्राच्या तोंडाचं क्षेत्रफळ भागिले त्याच्या भिंतींचं क्षेत्रफळ हे गुणोत्तर ०.६६ च्या वर असेल तरच पेस्ट छिद्रातून सुटून पॅडवर राहते. ०.२२ × १.१२ च्या छिद्राला ०.१२ च्या पत्र्यात ते ०.७७ येतं, ०.१५ च्या पत्र्यात ०.६१. म्हणजे छिद्र बारीक केलं आणि पत्रा जाडच ठेवला तर ब्रिज जाऊन त्या जागी कोऱ्या पिना येतील.

त्याच त्या पिना चिकटत असतील तर कोरा बोर्ड भिंगाखाली धरा आणि दोन पॅडमध्ये हिरव्या मास्कची (सोल्डर अडवणाऱ्या हिरव्या लेपाची) रेघ आहे का पाहा. डिझाइनमध्ये मास्कची मोकळीक प्रत्येक बाजूला ०.१० ठेवली असेल तर ०.२० च्या फटीत मास्क उरतच नाही. ०.०५ ठेवली तर ०.१० ची रेघ उरते. त्याहून बारीक रेघ असेल तर कारखाना ती न विचारता काढून टाकू शकतो. रेघ नसली की वितळलेल्या सोल्डरला अडवणारं काहीच राहत नाही.

भाग ठेवताना आणि तापवताना

आयसी वरून सरळ उतरवा. व्हॅक्यूम पेन असेल तर उत्तम, चिमटा असेल तर अंगाला धरा, पिनांना नाही. समोरासमोरचे दोन कोपरे भिंगाखाली जुळवा आणि मग सोडा. पेस्टवर टेकल्यावर सरकवून जुळवू नका. पॅडच्या पाव रुंदीपर्यंतचा तिरकेपणा वितळलेलं सोल्डर स्वतः ओढून सरळ करतं. दाबायचं ते एवढंच की पिना पेस्टमध्ये अर्ध्या उंचीपर्यंत जातील. बोटाने ‘पक्कं बसवलं’ की पेस्ट पिनेच्या टाचेमागे, अंगाखाली जाते आणि तिथला ब्रिज विकने निघत नाही.

तापमान प्लेटच्या डिस्प्लेवर वाचू नका, बोर्डावर मोजा. के टाइप थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक कॅप्टॉन टेपने आयसीच्या शेजारी घट्ट दाबून लावा. ६३/३७ (कथील-शिसं) पेस्टसाठी सेकंदाला एक-दोन अंशांनी १५० पर्यंत, मग १५० ते १८० मध्ये ६० ते ९० सेकंद, १८३ च्या वर ४५ ते ७५ सेकंद, शिखर २१० ते २२०. एसएसी३०५ या बिनशिशाच्या पेस्टला वितळबिंदू २१७, शिखर २४०-२४५. चढण फार मंद ठेवली तर फ्लक्स पातळ होऊन छाप पसरायला वेळ मिळतो, आणि फार वेगात नेली तर पेस्ट तडतडते.

०४०२ चे भाग एका टोकावर उभे राहत असतील तर त्यातही छाप बघा, दोन पॅडवर पेस्ट कमी-जास्त असणं हे नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे एक पॅड थर्मल रिलीफशिवाय (उष्णता रोखणाऱ्या बारीक जोडांशिवाय) थेट ग्राउंडच्या तांब्याला जोडलेला असणं. तो उशिरा तापतो आणि दुसऱ्या पॅडवरचं सोल्डर भागाला उभं ओढतं.

तरीही शॉर्ट आलाच तर

वीज देण्याआधी ३.३ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. एसटीएम३२एफ१०३ च्या ४८ पिनांत सप्लाय आणि ग्राउंड शेजारी-शेजारीच आहेत: ८-९, २३-२४, ३५-३६ आणि ४७-४८. यांतली एक जोडी चिकटली की चारही ठिकाणी बीप वाजते, त्यामुळे बीपवरून जागा कळत नाही. बेंच सप्लाय ०.५ व्होल्ट आणि अर्ध्या अँपियरच्या मर्यादेवर ठेवून लाइनला जोडा आणि मीटर मिलिव्होल्टवर घेऊन चारही जोड्यांवर थेट पिनांना टेकवा. जिथे आकडा सर्वांत कमी, ब्रिज तिथे. इतक्या कमी व्होल्टेजला आयसीला इजा होत नाही.

काढताना जेल फ्लक्स भरपूर लावा. आयर्न ३२०-३४० अंशांवर, टिप सुरीच्या आकाराची किंवा चपटी, निमुळती नको, कारण टोकदार टिप उष्णता पोचवत नाही. टिप स्वच्छ करून पिनेच्या मुळाकडून टोकाकडे, बाहेरच्या दिशेने ओढा. बहुतेक ब्रिज विकशिवायच सुटतात. विक लागली तर दीड-दोन मिलिमीटर रुंदीची, पिनांच्या लांबीच्या दिशेने ठेवून दाबा आणि आयर्न व विक एकत्रच उचला. विक पिनांवरून आडवी ओढली तर पिना वाकतात, आणि विक थंड झाल्यावर ओढली तर पॅड उपटून येतो. टाचेमागचा ब्रिज असेल तर उलटं करा: त्या बाजूच्या पाच-सहा पिनांवर मुद्दाम ताजं सोल्डर चढवा, म्हणजे अडकलेलं सोल्डर त्यात मिसळून बाहेर येतं, आणि मग सगळं एकदम ओढून काढा. नंतर फ्लक्स आयपीए आणि ब्रशने पूर्ण धुवा. अर्धवट धुतलेला नो-क्लीन (न धुता ठेवायचा) फ्लक्स पांढरा थर सोडतो आणि दमट हवेत त्यातून गळती होते. क्रिस्टलच्या पिनांजवळ हे विशेष बघा.

लॉट संपल्यावर पत्र्यावर उरलेली पेस्ट मूळ डब्यात परत टाकू नका. वेगळ्या डबीत भरून तारीख लिहा आणि ती कनेक्टर, ०८०५ अशा मोठ्या पॅडच्या बोर्डांना पुढच्या एक-दोन दिवसांत वापरून टाका.